खंडेनवमीचं इंजिन

"आज बोनेटच्या आत असं चकाचक करतो, की साहेबांना वाकून भांग पाडता येईल!"

खंडेनवमीच्या सकाळी सात वाजता राजशेखर कलशेट्टीनं अंगणात उभं राहून ही घोषणा केली. अंगात बनियन, खाली जुनी पँट, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर मोटारीचा शोध आपणच लावल्याचा भाव. ऐकायला होती एकटी चंद्रिका, त्याची बायको. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि अशा घोषणा तिनं इतक्या ऐकल्या होत्या, की हातातल्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

"पासिंग किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"अडीचला! म्हणजे साडेसात तास आहेत हातात. साडेसात तासांत माणूस अख्खी गाडी नवीन बनवतो!"

"माणूस बनवत असेल. तुमचं बोला."

आता ही गाडी काय होती ते सांगायला हवं. पांढरी, छोटी, आणि येत्या शनिवारी पंधरा वर्षं पूर्ण करणारी. पंधरा वर्षांच्या गाडीची पुन्हा तपासणी होते, ती पास झाली तरच गाडी पुढं पाच वर्षं रस्त्यावर राहते. तपासणीची वेळ मोबाइलवर मिळवता मिळवता राजशेखरच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मिळाली ती नेमकी खंडेनवमीची. पुढची वेळ थेट दिवाळीनंतर!

चंद्रिकेची अट सरळ होती. घरात तिचा शिवणाचा क्लास चाले, आणि गाडी पोर्चमध्ये असल्यामुळं चार मुली जिन्यात बसून काजं करायच्या. "पास झाली तर राहू दे," ती म्हणाली होती. "नाही झाली तर शुक्रवारी भंगारवाला येतोय. मी सांगून ठेवलंय."

आणि तिसरं माणूस म्हणजे सावित्रम्मा, राजशेखरची आई. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी घेतली होती राजशेखरच्या वडिलांनी, अप्पांनी. आठ महिने त्यांनी ती चालवली आणि एका पहाटे झोपेतच गेले. तेव्हापासून दर सोमवारी सावित्रम्मा पुढच्या डाव्या सीटवर बसून सिद्धेश्वराच्या देवळाला जायची. रिक्षात बसायची नाही, शेजाऱ्यांच्या मोठ्या गाडीत बसायची नाही. "ह्या शीटवर बसलं की मालक शेजारी हायती असं वाटतंय," म्हणायची. भंगारवाल्याची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. सांगायची कुणी? आईची ती जागा तराजूवर चढणार, म्हणून राजशेखरला अन्न गोड लागेना.

पण मन अस्वस्थ झालं की शांत बसावं, हे राजशेखरच्या रक्तात नव्हतं. तो पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक होता आणि तिथंसुद्धा उभ्यानं काम करायचा. त्यात त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस छातीठोकपणे सांगत होता, की तपासणारे साहेब आधी बोनेट उघडतात, आणि गाडी पास की नापास हे त्यांच्या मनात तिथंच ठरतं. राजशेखरनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. नेहमीच्या मेकॅनिकला, ईरप्पाला, एक फोन करून विचारायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही.

कामाला सुरुवात झाली. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते, त्यामुळं चंद्रिकेनं एकच बादली दिली आणि वर सांगितलं, "यात गाडी धुवा, हात धुवा, नाही तर तोंड धुवा. दुसरी मिळणार नाही."

बोनेट उघडलं आणि पंधरा वर्षांची धूळ, तेल आणि सुकलेली पानं यांचा एक काळा थर समोर आला. राजशेखरनं रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश आणि देवाची भांडी घासायची पावडर घेऊन त्याच्यावर चाल केली. अर्ध्या तासात बॅटरीखालून दहा नंबरचा पाना निघाला! हा पाना तीन वर्षांपूर्वी हरवला होता आणि तो नेला या संशयावरून राजशेखरनं शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यानं हळूच कुंपणापलीकडं बघितलं, पाना पान्यांच्या डब्यात तळाशी ढकलला आणि पुन्हा घासायला लागला.

खरं म्हणजे वरवर पुसून थांबायला हरकत नव्हती. पण एक नळी चमकली की शेजारची मळकी दिसे. ती काढली की तिच्यामागची दिसे. मग हवेच्या फिल्टरचा डबा सुटा झाला. मग चार प्लग निघाले. मग तेल बघायची सळई, क्लिपा, नट, बॅटरीची पट्टी! एकेक वस्तू घासून, पुसून तो कट्ट्यावर नव्या कोऱ्या टॉवेलवर ओळीनं मांडत गेला. कुठली कुठं बसते हे विसरू नये म्हणून ओळ. दहा वाजता इंजिनात होतं त्यापेक्षा जास्त सामान टॉवेलवर होतं आणि सगळं लखलखत होतं.

तेवढ्यात एक क्लिप त्याच्या हातात तुटली.

"दहा मिनिटांत आलो!" असं ओरडून तो स्कूटरवर सुटला. पण सुट्या भागांच्या दुकानात मालक तराजूला कुंकू लावत बसला होता.

"एक क्लिप द्या हो, पटकन!"

"पूजा होऊ द्या की, साहेब. वर्षाचा सण हाय. बसा."

"मला बसता येत नाही!"

"मग हुबं ऱ्हावा. आरती म्हणा."

राजशेखरनं आरती म्हटली. इतकी घाईघाईनं, की टाळ्या त्याच्या मागून येत राहिल्या. मग प्रसाद, मग पेढा, मग क्लिप. तो घरी पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते.

कट्टा रिकामा होता.

टॉवेल नव्हता. प्लग नव्हते. पान्यांचा डबासुद्धा नव्हता!

"चंद्रिका! चोरी झाली!"

"ओरडू नका," चंद्रिका आतून म्हणाली. तिच्या आवाजात हसू दाबल्यासारखं काहीतरी होतं. "चपला काढा आणि देवघरात या."

देवघरात चौरंग होता. चौरंगावर राजशेखरचा नवा टॉवेल होता. आणि टॉवेलवर अख्खं इंजिन पूजेला बसलं होतं! चारही प्लग रांगेत उभे, प्रत्येकाला विभूतीचे तीन पट्टे आणि मध्ये कुंकू. ज्याला कपाळ नाही त्यालाही सावित्रम्मानं कपाळ शोधून काढलं होतं. नळ्यांच्या वेटोळ्यावर झेंडूची माळ. फिल्टरच्या डब्यात तांदूळ, सुपारी आणि मधोमध नारळ. तेल बघायची सळई कलशात आंब्याच्या पानांबरोबर उभी. बाजूला पान्यांचा डबा, विळी, चंद्रिकेची कात्री, इस्त्री, आणि या सगळ्यांपुढं समई.

सावित्रम्मा पाटावर बसली होती. लेकाला बघून तिचे डोळे भरून आले.

"राजा, लई गुणाचा हाईस रं! दरसाली मी येकटीच हत्यारं गोळा करती. अवंदा तू गाडीच्या पोटातली बी काढून, घासून, टावेलावर मांडून ठिवलीस! तुजं अप्पा अस्तं तर…" आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

राजशेखर चौरंगाजवळ सरकला.

"अव्वा, ते पूजेसाठी नव्हतं काढलं."

"मग कशापायी? खंडेनवमीच्या सकाळी हत्यार घासून नव्या टावेलावर कोण मांडतंय, आन् कशाला?"

अख्ख्या सोलापुरात त्या सकाळी जो कुणी लोखंड घासत होता तो पूजेसाठीच घासत होता.

"बरं, झाली ना पूजा? छान झाली. आता उचलतो," म्हणून त्यानं हात पुढं केला.

"ब्याडा!" सावित्रम्मा ओरडली. तिचा आवाज चढला की कन्नड बाहेर पडे. "हात लावू नगं! पुजलेलं हत्यार उद्या शिलंगण झाल्याबगर उचलायचं न्हाय. तुज्या आज्यापासनं चालत आलंय ह्ये!"

"अव्वा, अडीचला गाडीचं पासिंग आहे!"

"व्हय की. गाडी भाईर हुबी हाय. जा की घिऊन."

"तिचं इंजिन इथं आहे!"

"मग उद्या जा."

"उद्या दसरा! बंद!"

"मग परवा जा. येवडी काय आग लागलीया?"

राजशेखरनं देवघरातून बाहेर येऊन पोर्चमध्ये तीन फेऱ्या मारल्या आणि ईरप्पाला फोन लावला. ईरप्पा वीस मिनिटांत आला. कपाळभर विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दोन्ही हात रिकामे!

"अरे, पाने कुठं आहेत तुझे?"

"पूजेला बसलेत की, मालक."

"सगळे?"

"समदे. जॅकसुद्धा. आज तुमी बारा नंबरचा पाना मागत गावभर हिंडा, कोण देतंय का बगा." मग त्यानं देवघरात डोकावलं, चौरंगावरचं इंजिन बघितलं आणि भक्तिभावानं हात जोडले. "अव्वा, लई झाक मांडलंय! आमच्या गॅरेजात बी असं न्हाई जमलं."

राजशेखरनं कपाळावर हात मारून घेतला. साडेबारा वाजायला आले होते. तो पोर्चमधून देवघरात आणि देवघरातून पोर्चमध्ये जात राहिला. शेवटी चंद्रिकेलाच ते बघवेना. ती सासूजवळ जाऊन खाली बसली.

"अव्वा, एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. गाडी आज पास नाही झाली तर ती चालवता येणार नाही. मग मी… मी भंगारवाल्याला बोलावलंय. शुक्रवारी."

सावित्रम्मानं समईची वात उगाच पुढं सारली. मग म्हणाली, "आन् ती शीट?"

"सगळीच गाडी जाईल, अव्वा."

"मालकांच्या शेजारची शीट कुनीबी निऊन तोडनार?"

राजशेखर दारातच उभा राहिला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे पाय हलले नाहीत. आईचा चेहरा त्याला बघवत नव्हता.

सावित्रम्मानं देवाकडं बघितलं, चौरंगाकडं बघितलं. तिच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. देवाशी बोलणी चालली असावीत. मग तिनं निकाल दिला.

"ईरप्पा, आयिक. देव गाडीत निऊन बसवायचं. जसंच्या तसं! हे बसनं झालं, वापरनं न्हवं. पर इबूतीचा येक कन पुसायचा न्हाय, फूल पडू द्यायचं न्हाय. आन् पाना-बिना चालवायचा न्हाय, ते वापरनं झालं. मी संगं येनार. माजा डोळा ऱ्हाईल."

"पान्याशिवाय प्लग कसे बसवायचे, अव्वा?" राजशेखर कळवळला.

"तुज्या आज्यानं पान्याबगर मोट चालवली."

ईरप्पा मात्र हरला नाही. खरा कारागीर तो. त्यानं रबरी नळीचा एक तुकडा शोधला, त्यात प्लगचं डोकं खोचलं आणि नळी चिमटीत फिरवून चारही प्लग आत घातले. क्लिपा रुपयाच्या नाण्यानं आवळल्या. बॅटरीचा नट सांडशीनं पिळला. सकाळी चहाच्या भांड्यावर होती म्हणून ती एकटी पूजेतून सुटली होती! बॅटरीची पट्टी काही केल्या बसेना, तेव्हा चंद्रिकेनं परकराची नवी नाडी आणून दिली. प्रत्येक वस्तू आत जाताना सावित्रम्मा बजावत होती, "पट्टं वरच्या अंगाला! कुंकू दिसलं पायजे!"

आणि राजशेखर? तो बाजूला उभा राहून बघत होता. तीन तास घासून आरशासारखं केलेलं इंजिन त्याच्या डोळ्यांदेखत पांढरं, लाल आणि पिवळं होत होतं. नळ्यांवर झेंडू, डब्यात नारळ, टाकीच्या झाकणावर हळद. भांग पाडायला जागा उरली नव्हती.

पावणेदोन वाजता गाडी निघाली. पुढं डावीकडं सावित्रम्मा, मागं ईरप्पा, आणि स्टिअरिंगवर घामाघूम राजशेखर. प्लग हातानंच आवळलेले, त्यामुळं गाडी फट्‌फट्‌ करत, खोकत चालली होती. खड्डा आला की सावित्रम्मा ओरडे, "हळू! नारळ पडंल!" कुंभारीच्या रस्त्याला त्यांच्या मागं ट्रॅक्टरची रांग लागली, पण राजशेखरनं वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मध्येच एकदा गाडी बंद पडली. ईरप्पानं उतरून धक्का मारला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन काळे पंजे उमटले.

तपासणी केंद्रात पोचेपर्यंत दोन वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तिथले साहेब चष्म्याचे, गंभीर, कमी बोलणारे. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला, चाकाला बुटानं ठोकलं, टायरवरून बोट फिरवलं. दर वेळी ते नुसतं "हं" म्हणत आणि दर "हं"ला राजशेखरच्या कपाळावर घामाचा एक थेंब वाढे. मग ते म्हणाले, "बोनेट उघडा."

राजशेखरनं डोळे मिटून बोनेट उघडलं. उदबत्तीचा आणि झेंडूचा वास आला. त्यानं एक डोळा किलकिला केला, तर साहेब वाकून बुटाची नाडी सोडत होते! दोन्ही बूट काढून त्यांनी बाजूला ठेवले, मोज्यांवर उभं राहून हात जोडले, आणि बोनेट अलगद मिटलं.

"साहेब, आत बघा तरी!" राजशेखर कळवळून म्हणाला. "विभूतीच्या खाली लई स्वच्छ आहे हो! सकाळपासून घासतोय!"

"मांडलेल्या पूजेत मी हात घालणार नाही," साहेब म्हणाले. "आणि बघायचंही काही नाही. फक्त चेसी नंबर जुळवायचा, अन् तो ह्या गाडीला बोनेटमध्ये नसतोच. डाव्या सीटखाली असतो. आजींना जरा उतरवा."

ईरप्पानं मान हलवली. "व्हय. तितंच असतोय. तुमाला म्हाईत न्हवतं?"

राजशेखरला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सावित्रम्माला उतरवलं, सीट मागं सरकवली, साहेबांनी मॅट उचलली, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. मॅटखाली टरफलं होती. शेंगांची टरफलं! ओंजळ-दोन ओंजळ नव्हे, चांगली सूपभर. त्यांच्याखाली कुठंतरी नंबर होता.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले. "मला नंबर दिसला पाहिजे. नंबर दिसला नाही तर पास कसं करू? गाडी कधी आतून झाडता का नाही?"

इतकं करून गाडी टरफलांवर अडणार! तेवढ्यात सावित्रम्मा पुढं झाली. ती वाकली, चार टरफलं तळहातावर घेतली आणि बोटानं चाचपली.

"मालकांची हायती," ती म्हणाली. "मालक गाडी चालवताना शेंगा खायाचं. मी म्हनायची, टरफलं भाईर टाका. आयकायचं न्हाईत. पंधरा वर्सं हितंच हायती रं! माज्या पायाखाली!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ईरप्पानं मळक्या बाहीनं नाक पुसलं. साहेब स्वतः गुडघ्यावर बसले, एकेक टरफल वेचून त्यांनी सावित्रम्माच्या पदरात घातलं. खाली नंबर स्वच्छ दिसत होता. त्यांनी त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली, कागदाशी कागद जुळवला आणि सही केली. "पास," ते म्हणाले. "पाच वर्षं. आजींना जपा."

राजशेखरनं मात्र त्या टरफलांकडं नीट बघितलं होतं. ती कोरी होती. गेल्या गुरुवारी मोहोळहून मेव्हणीकडून येताना रस्त्यात भाजक्या शेंगा घेतल्या होत्या, किलोभर, आणि सोलापूर येईपर्यंत संपवल्या होत्या. तो बोलायला गेला. आईनं पदराची गाठ मारून ती छातीशी धरली होती. त्यानं मुकाट गाडीचं दार उघडलं.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आलेल्या प्रत्येकाला सावित्रम्मानं ती गोष्ट सांगितली. अप्पांच्या फोटोपुढं चांदीची वाटी, वाटीत टरफलं, वर एक झेंडूचं फूल. माणसं बघत, डोळे पुसत, नमस्कार करत. संध्याकाळी सगळे गेल्यावर राजशेखर फोटोपुढं आला आणि इकडंतिकडं बघत त्यानं घाईघाईनं हात जोडले.

मागं चंद्रिका उभी होती. भंगारवाल्याला तिनं दुपारीच नको म्हणून कळवलं होतं. वाटीकडं बघत ती हळूच म्हणाली, "नीट वाकून करा की. मीच सोलून देत होते!"